ब्रेकखाली मी जागा सोडली होती

सोमवार, ३ नोव्हेंबर. प्रेशर १३८/८४

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा वहीत लिहायचा आणि महिन्याने वही दाखवायची. वही दोनशे पानी. आकडा अर्ध्या ओळीत संपतो. उरलेला कागद कोरा ठेवायला मी काही सरकारी कचेरी नाही. तेव्हा डॉक्टर, तुम्ही तेवढे आकडे वाचा. खालचं तुमच्यासाठी नाही.

आज नात नव्या कामाला लागली. याआधी चार वर्षं बँकेच्या काउंटरवर होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा दिवसभर कुणी तोंडावरच शिक्के मारल्यासारखी दिसायची. ते सोडलं. आता गावातल्या सहा दवाखान्यांतून पहाटे रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, थंड पेटीत भरायच्या आणि खिंडीपलीकडच्या मोठ्या लॅबमध्ये साडेआठच्या आत पोचवायच्या. साडेआठला तिथलं मशीन सुरू होतं आणि खिडकी बंद. महिनाभर चाचणी. तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्याला.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, चहाचा कप ठेवत म्हणाला, "महिन्याने बँकेत परत जाशीलच. साहेबांशी बोललोय. जागा धरून ठेवलीय."

मी म्हटलं, "जागा धरायला ती काय बसमधली सीट आहे, रुमाल टाकून?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

मी मध्ये नव्हतेच. मी कडेला बसून बोलले.

गाडी त्याचीच. उंच, काळी, एसयूव्ही. दोन वर्षांत त्याने ती घर ते ऑफिस एवढीच हलवली, आणि तीही अशी की मागून चालत येणारा माणूस पुढे जाऊन परत वळून बघायचा. पोरीला चावी देताना तोंड असं केलं, जशी काय किडनीच देतोय.

नातीचे पाय जन्मापासून बर्फ. खिंडीत पहाटे बोटं गोठतात. मी बत्तीस वर्षं बसच्या डेपोत सीटा शिवल्या. इतकी वर्षं परक्यांच्या बुडांची काळजी केली, आता घरच्या पायांची करावी म्हटलं. ड्रायव्हरच्या पायाखाली घालायला मॅट शिवली. खाली रेक्झिन, वर दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, कडेने दुहेरी टीप. कंपनीची रबरी मॅट म्हणजे नुसती साल, ती तशीच खाली राहू दिली. माझी पार पेडलांच्या मागपर्यंत नेली. अर्धवट काम मी आयुष्यात केलं नाही. फक्त ब्रेकखाली चौकोन कापून जागा सोडली. ब्रेक नीट दाबला गेला पाहिजे. जाण्याचं काय, माणूस कसाही जातो. थांबता आलं पाहिजे.

आठ दहाला पोचली. घरी येऊन म्हणाली, "आजी, पाय काय उबदार होते!"

मी म्हटलं, "पायांचं ठीक आहे, डोकं थंड ठेव."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. १३६/८२

आठ वीसला पोचली. चढावर गाडी जरा जड वाटते म्हणाली. नवी नवरी आणि नवी गाडी, दोघींचा हात बसायला वेळ लागतो.

टाच मॅटमध्ये रुतते अशी बारीक तक्रार होती. सीट शिवताना आम्ही काय करायचो? बसणारा रुतला की खाली भर घालायचो. आणखी एक थर चढवला. आता टाच रुतणार नाही.

साडेआठ झाले आणि एक मिनिट गेलं की मुलाचा ऑफिसातून घरी फोन येतो. "पोचली का?" रोज. एक दिवस चुकत नाही. पोरीला उशीर कधी होतो याची वाटच बघत बसलेला असतो मेला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. १४०/८६

"गाडीला पिकअपच नाही!" नातीने चावी टेबलावर टाकली. "अ‍ॅक्सिलरेटर दाबते, दाबते, आणि गाडी विचार करत बसते. आज दुधाची व्हॅन मला ओव्हरटेक करून गेली, आजी. दुधाची व्हॅन! वर त्याने हात केला."

"तू पण करायचास."

"मी केला. फक्त त्याने पाची बोटांनी केला होता."

बाप म्हणाला, "गाडी चांगली आहे. दोन वर्षांत मला कधी त्रास नाही झाला. चालवणाऱ्यावर असतं."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडी चालवत नव्हता. तिला फिरायला नेत होता."

हे मला सुचायला पाहिजे होतं. पोर माझ्यावर गेलीय.

सून जेवण वाढत होती, तिने दोघांच्याही पानात एकाच वेळी भात टाकला, म्हणजे तोंडं बंद. हुशार बाई आहे. कधी बोलून दाखवलं नाही तिला.

थंडी वाढलीय. तिसरा थर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. १४८/९०

पहिला उशीर. आठ चौतीस.

खिंडीच्या खाली दोन ट्रक लागले. पुढे मोकळा रस्ता दिसत होता, पण ही दाबतेय आणि गाडी जागची उठत नाही. बाहेर निघाली, अर्ध्यात समोरून बस आली, परत मागे घुसली. लॅबच्या बाईंनी बंद खिडकी उघडून नळ्या घेतल्या, पण वहीत लाल पेनाने नोंद केली. लॅबच्या बाई म्हणजे खिडकीत बसतात त्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. "एक झाला," एवढंच म्हणाल्या.

मला काही वाटलं नाही. एकाने काय होतंय. आकडा वाढला तो पट्टा सैल बांधला गेला म्हणून.

शनिवार, १५ नोव्हेंबर. १४४/८८

सर्व्हिस सेंटरला गेलो. मीही गेले. गाडीचं दुखणं सांगायला घरचं मोठं माणूस लागतं.

तिथे काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन आणि इस्त्रीच्या कॉलरचा एक पोरगेला साहेब. त्याने गाडीत कागद अंथरला, फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, गाडीत काही दोष नाही. पिकअप एकदम छान आहे."

नात म्हणाली, "तुमच्या हातात छान आहे. माझ्या हातात मेंगळट."

"तुम्ही जरा कॉन्फिडन्सने दाबा, मॅडम."

मी म्हटलं, "बाळ, ती तुला दाबून दाखवेल कॉन्फिडन्सने, जरा जवळ ये."

डोक्यात मात्र गेलं ते वेगळंच. त्या लोकांनी माझी मॅट काढून मागे डिकीत, जॅकच्या उरावर फेकली होती. गुंडाळून नाही, घडी घालून नाही, फेकली! घाण होऊ नये म्हणून काढतो म्हणे. मी बत्तीस वर्षांत दुसऱ्याचं शिवण असं फेकलं नाही.

घरी येऊन झटकली, कोपरे दाबून बसवली. जॅकचा डाग पडला होता तो झाकायला वरून गालिच्याचा एक तुकडा लावला. चार थर झाले. आता शोरूममध्येही अशी मिळणार नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर. १४६/८८

सर्व्हिस करूनही गाडी होती त्याहून मंद. आठ एकोणतीसला खिडकीत पेटी ठेवली. खिडकीच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या म्हणे, यमासारख्या.

आजकाल कुठल्याच कामात राम राहिला नाही. नीट आहे म्हणून दिलेली गाडी दोन दिवसांत ढिली पडते.

बुधवार, १९ नोव्हेंबर. १४२/८६

दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकाचा पत्ता दिला. गाडीच्या इंजिनचं ट्यूनिंग करतो. मी समजले, पाना घेऊन काहीतरी पिळणार. तर हा लॅपटॉप घेऊन आला.

चाळिशी उलटलेला, सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला. गॅरेजमध्ये तेलाचा एक डाग नाही. अशा गॅरेजवर माझा विश्वास बसत नाही. जेवण करणाऱ्या बाईच्या पदराला एक तरी डाग पाहिजे.

स्टिअरिंगखाली त्याने एक वायर खोचली आणि म्हणाला, "आजी, आताच्या गाड्यांत पाय थेट इंजिनला नाही बोलत. पाय कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर इंजिनला सांगतो. कंपनी त्या कॉम्प्युटरला जरा मवाळ ठेवते. डिझेल कमी जळावं, धूर कमी व्हावा. मग तुम्ही म्हणता चल, आणि तो म्हणतो बघू."

मी म्हटलं, "माझ्या मुलासारखा."

"मी त्या कॉम्प्युटरचे तक्ते बदलतो. टर्बो लवकर जागा होईल. पण झेपेल तेवढंच. इंजिन फोडून नाव कमवायचं नाही मला."

बोलणं बरं वाटलं. त्यानेही आधी खाली वर्तमानपत्र अंथरलं, मॅट काढली, पण याने ती घडी घालून ठेवली. दोन तास खुडबुड केली. मग नातीला म्हणाला, चालवून बघा.

डॉक्टर, वाचत असाल तर थांबा, हे वाचू नका. मी मागच्या सीटवर होते. गाडी सुटली ती माझं पोट गॅरेजमध्येच ठेवून! नात ओरडली. आनंदाने. पोरगी शाळेतून पळत येताना ओरडायची तसं. मी ते कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. गाडीच्या पिकअपबद्दल म्हणतेय मी.

घरी आल्यावर बापाला म्हणाली, "बाबा, बसा, एक चक्कर मारून आणते." तो बसला. परत आला तेव्हा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.  जेवताना दोनदा खिडकीतून गाडीकडे बघितलं. उद्यापासून स्वतःच घेऊन जाईल अशी भीती वाटतेय मला.

गुरुवार, २० नोव्हेंबर. १५६/९४

कालच्या आनंदात मॅट डिकीतच राहिली होती. पहाटे मी उठून ती पुन्हा घातली. नुसती नाही, वर मऊ पाचवा थर लावून. म्हटलं पोरीने मेहनत घेतली, पायांना बक्षीस.

दुसरा उशीर. आठ एक्केचाळीस.

ट्यूनिंग उतरलं. दृष्ट उतरावी तसं एका रात्रीत उतरलं! चढावर गाडी बसूनच राहिली. नात म्हणते, "आजी, काल नुसती उडत होती आणि आज पूर्वीपेक्षा वाईट. असं कसं होईल?" लॅपटॉपवाला फोनवर म्हणाला, "असं होत नाही. उद्या मी बाहेर आहे, शनिवारी आणा. तोवर जपून चालवा."

आणि आज लॅबने सगळ्या नळ्या घेतल्या नाहीत. एक नळी परत केली. चार महिन्यांच्या बाळाची. त्या तपासणीला उशीर चालत नाही. बाळाला आज पुन्हा टोचलं. नात परत येऊन दवाखान्यात सांगायला स्वतः गेली. बाळाच्या आईने नुसते त्याचे बूट परत पायात घातले म्हणे.

मुलाचा फोन आला, साडेआठ वाजून एक मिनिट. मी म्हटलं, "नाही पोचली. झालं तुझ्या मनासारखं?" तो मग म्हणाला, "रस्त्यात काही नाही ना झालं? गाडी बिडी ठोकली नाही ना?" बघा, पोरीचं काम चाललंय आणि याला गाडीची पडलीय.

शनिवार, २२ नोव्हेंबर. १५४/९२

आजचं नीट लिहिते. लिहायला हात नको म्हणतोय, पण वही माझी आहे, हातही माझाच.

लॅपटॉपवाला म्हणाला, "आज मी काही काढत नाही, काही घालत नाही. तुम्ही रोज चालवता तशीच चालवा, मी शेजारी बसून रस्त्यावर लक्ष ठेवतो. आजी, तुम्ही मागे. लॅपटॉप मांडीवर घ्या. वरच्या कोपऱ्यात आकडा दिसतोय? पेडल किती दाबलं जातंय ते. पूर्ण दाबलं की शंभर. मोठ्याने वाचा."

शाळा माझी तिसरीपर्यंत, पण आकडे बसच्या पाटीवरून पक्के.

चढ लागला. मी वाचायला लागले. "तीस. चाळीस. पंचेचाळीस. बावन्न."

"अजून दाबा," तो म्हणाला.

"बावन्न. बावन्न. अगं दाब की!"

"दाबतेय!"

"बावन्नच आहे. पाय आहे का लोण्याचा गोळा?"

"आजी, पूर्ण खाली गेलंय! आता काय पाय इंजिनात घालू?"

लॅपटॉपवाला म्हणाला, गाडी बाजूला घ्या. घेतली. तेवढ्यात नातीला दवाखान्याचा फोन आला, ती बोलत बोलत खाली उतरली. त्याने वाकून ड्रायव्हरच्या पायाशी हात घातला. बोटाने मॅटची कड दाबली. एक, दोन, तीन, मोजत गेला. मग पेडल हाताने दाबलं. पेडल माझ्या मॅटवर अलगद टेकलं आणि थांबलं. बसणाऱ्याला खालचं लोखंड टोचू नये म्हणून सीट त्याला कशी थांबवते, अगदी तसंच.

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ब्रेकखाली मी जागा सोडली होती."

"ते दिसतंय," तो म्हणाला. "म्हणून तर आपण सगळे जिवंत आहोत." मग हळू आवाजात समजावलं. या गाडीत पेडल पार तळाला टेकलं की गिअरबॉक्सला कळतं, चालवणारा घाईत आहे, आणि तो एक गिअर खाली टाकून जोर लावतो. पोरीचं पेडल तळाला कधी गेलंच नाही. सर्व्हिसवाल्यांनी मॅट काढली, म्हणून त्यांना गाडी छान. त्यानेही काढली, म्हणून त्यालाही छान. आणि मी दर वेळी परत घालत होते, आणखी जाड करून.

करायला गेले गणपती आणि झालं माकड.

मी म्हटलं, "कुठली तरी वायर ढिली होती म्हणून सांग."

त्याने चष्मा काढून पुसला. "आजी, मी गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगू शकतो. माणसांना नाही जमत. आणि एक ऐका. तिच्या पायाला आता सवय लागलीय सगळं बळ लावून दाबायची. मॅट गेल्यावर तसंच दाबलं तर गाडी समोरच्या ट्रकमध्ये. तिला कळलंच पाहिजे. तुमच्याकडून कळलं तर बरं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"गाडी आज माझ्याकडे राहू दे. ट्यूनिंग काढून कंपनीचं होतं तसं करतो, त्याची गरजच नव्हती. उद्या दुपारी घरी आणून देईन. तोवर नाही सांगितलंत तर मी सांगेन."

नात फोन संपवून आली. "सापडलं का काही?"

तो म्हणाला, "सापडलं. उद्या कळेल."

मॅट त्याने काढून माझ्या हातात दिली. घडी घालून. भला माणूस आहे, म्हणूनच राग येतो.

रविवार, २३ नोव्हेंबर. १६२/९६

यंत्राचे सेल संपत आलेत.

सकाळपासून सांगायला तीनदा गेले. पहिल्यांदा ती दात घासत होती. तोंडात फेस असलेल्या माणसाला काही सांगू नये. दुसऱ्यांदा तिचा बाप समोर होता. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तेव्हा मीच विचारलं, भाजी कोणती करू.

खरं तर माझं काय जातंय? ती बँकेत गेली तर सावलीत बसेल, पंख्याखाली. रोज संध्याकाळी वेळेवर घरी. मला काही फरक पडत नाही. पण ते बाळाचे बूट डोक्यातून जात नाहीत. मी बूट बघितलेसुद्धा नाहीत. बहुतेक लोकरीचे असणार.

दुपारी दारात गाडीचा आवाज आला. आता तो सांगणार. म्हणून मी उठले, मॅट काखेत मारली आणि बाहेर गेले. लॅपटॉपवाला चावी घेऊन उभा, नात समोर. मी मॅट दोघांच्या मध्ये जमिनीवर टाकली.

"ही घ्या तुमची ढिली वायर," मी म्हटलं. "हिच्यामुळे पेडल खाली जात नव्हतं. मी शिवली, मी घातली, मीच दर वेळी वाढवली. पाच थर आहेत. मोजून घे."

नात मॅटकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"दोन उशीर, आजी."

"मला मोजता येतं."

"मला वाटलं मलाच जमत नाही. मी बाबांना म्हणणार होते, साहेबांना हो सांगा म्हणून. आज रात्री."

  मी म्हटलं, "टाच रुतत होती ना तुझी."

ती गाडीत जाऊन बसली. इंजिन बंदच. तिने पाय ठेवला आणि पेडल सावकाश दाबत गेली. खाली, अजून खाली. अगदी शेवटी एक बारीक आवाज आला. टक.

ती म्हणाली, "हे काय?"

लॅपटॉपवाला म्हणाला, "तळ."

तिने पुन्हा दाबलं. टक. पुन्हा. टक. एखाद्या पोराला नवा चाप सापडावा तशी दाबत बसली. मग हसायला लागली. इतकी हसली की डोकं स्टिअरिंगवर आणि हॉर्न वाजायला लागला. बाप खिडकीतून ओरडला, "काय चाललंय?"

मी ओरडले, "काही नाही! गाडी दुरुस्त झाली!"

नात डोळे पुसत म्हणाली, "उद्या तू माझ्याबरोबर येतेस. पुढच्या सीटवर. हीच शिक्षा."

सोमवार, २४ नोव्हेंबर. प्रेशर घेतलं नाही, वेळ नव्हता

सहाव्या दवाखान्यातली नर्स उशिरा आली. निघायला सात वीस. रोजच्यापेक्षा वीस मिनिटं उशीर. माझ्या मांडीवर थंड पेटी. आज उशीर झाला की संपलं, हे दोघींनाही माहीत, म्हणून दोघीही हवेबद्दल बोलत होतो.

खिंडीखाली तोच प्रकार. पुढे दोन ट्रक, एकामागे एक, दोन्ही लोखंडाने भरलेले, धूर सोडत चाललेले. घड्याळात सात बावन्न. नात मागे राहिली. अंतर ठेवून. मी म्हटलं, "जा ना."

"थांब."

"अगं, रस्ता मोकळा आहे."

"वळण आहे, आजी. सगळं दिसू दे."

वळण गेलं. समोर लांब सरळ चढ, पार टोकापर्यंत रिकामा. तिने आरशात बघितलं, दिवा लावला, बाहेर निघाली आणि मग मी तो आवाज ऐकला. टक.

गाडीने एक क्षण श्वास घेतला आणि उडी मारली. पहिला ट्रक गेला. दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर बिडी ओढत होता, तिची राखसुद्धा मला दिसली. मी दोन्ही पाय जमिनीत रोवून ब्रेक दाबला. ब्रेक माझ्या बाजूला नाही, पण मी दाबला. दोन्ही ट्रक मागे, ही आपल्या जागेवर, आणि पाय लगेच उचलला तिने. हळूच. जणू काही पाय त्या पेडलला पहिल्यापासून ओळखत होता.

पुढे ती दुधाची व्हॅन लागली. तिलाही मागे टाकलं. मी हात केला. किती बोटांनी ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

आठ एकवीस. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आज कोणाला आणलंत बरोबर?"

नात म्हणाली, "गाडीतला दोष."

बाई हसल्या. त्यांना हसता येतं.

फोन घरी वाजला असेल, साडेआठ वाजून एक मिनिटाला. उचलायला मी नव्हते. वाजत राहिला असेल बिचारा. मग नातीचा मोबाइल वाजला. बापच. ती म्हणाली, "पोचले, बाबा. आजीपण पोचली." पलीकडून काय म्हणाला कुणास ठाऊक. ती बराच वेळ फोन कानाला धरून हसत होती. गाडी ठोकली नाही हे ऐकून बरं वाटलं असेल त्याला.

बुधवार, ३ डिसेंबर. १३२/८०

महिना पुरा झाला. उशीर दोनच. काल संध्याकाळी लॅबचा फोन आला, काम नातीकडेच, वर्षभर. तिचा बाप उठला आणि बाहेर गेला. बघते तर बादली घेऊन गाडी धुतोय. स्वतः. चाकांच्या आतूनसुद्धा. काळ्या गाडीवर धूळ दिसते ना, त्याचंच त्याला. बँकेतल्या जागेचं मी विचारलं, तर म्हणाला, "कुठली जागा?" विसरभोळा झालाय अलीकडे.

डॉक्टरांना वही दाखवली. म्हटलं होतं आकडे वाचा. माणूस वीस मिनिटं वाचत बसला, बाहेर सात पेशंट खोळंबलेले. मध्येच त्यांना ठसका लागला. वही मिटून म्हणाले, "गोळी तीच चालू ठेवा. आणि आजी, माझ्याही गाडीला हल्ली पिकअप नाही."

मी विचारलं, "पायाखाली काय आहे?"

ते विचारात पडले. "बायकोने मॅट आणलीय. छान आहे. जाड."

"मग मला कशाला विचारता? घरी विचारा. पण जपून विचारा."

माझी मॅट मी टाकून दिली नाही. पाच थरांचं शिवण आहे ते. उलटी करून माझ्या बाजूला बसवली, पुढच्या सीटपुढे. शुक्रवारी शुक्रवारी मी पेटी धरायला जाते. तिला मदत लागते असं काही नाही, घरात बसून करू काय. चौकोन नेमका माझ्या उजव्या पायाखाली येतो. खिंडीतलं ते वळण आलं की पाय आपोआप त्यात जातो आणि मी दाबते.

नात रस्त्यावरची नजर न काढता म्हणते, "दाब, आजी, पाहिजे तेवढं दाब. तिथे जागा सोडलीयस तू."

टक.

आणि आम्ही पुढे.